काल रात्री घरात कोण कोण होतं

कोल्हापूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो आधी काय काय खाल्लं ते विचारतो. मी सांगते. मुरगूडच्या स्टँडजवळची कांदाभजी, गुऱ्हाळावरचा कढत गूळ, जिच्या घरी उतरले तिच्या सासूबाईंनी केलेला खिमा. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि माझा प्रवास तिथेच संपतो. पुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही, कारण ते सांगायला लागलं की माझे कान गरम होतात. पण लिहायलाच बसल्यावर नुसत्या भज्यांवर उरकता येत नाही.

मी पुण्यात एका संस्थेत लोकसंख्येचं गणित करते. घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांवरून कोणत्या वयाच्या बायकांना किती मुलं होतात, त्याचे दर काढणं हे माझं काम. रीत साधी आहे. बायकांचे पाच-पाच वर्षांचे गट पाडायचे, पंधरा ते एकोणीस, वीस ते चोवीस, असे एकोणपन्नासपर्यंत. गेल्या तीन वर्षांत प्रत्येक गटातल्या वयात किती मुलं जन्मली ते मोजायचं आणि त्या वयात सगळ्या बायकांनी मिळून जितकी वर्षं काढली, त्यांनी भागायचं. मधेच एखादी विशी ओलांडते. ती ओलांडेपर्यंत अलीकडच्या गटात धरायची, मग पलीकडच्या. खाणावळीत जितके दिवस ताट मांडलं तितकेच दिवस धरतात, तसं. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की झाला दर. हे मी झोपेतसुद्धा करीन, आणि इतकी वर्षं मी ते खुर्चीत बसूनच करत आले.

या खेपेला कागल तालुक्यातल्या काही गावांत वीस ते चोवीसच्या गटाचा दर एकदम खाली घसरला होता. आमच्याकडे सगळ्यात जास्त बाळंतपणं याच वयातली. म्हणजे बाळं जन्मली होती, पण आमच्या टॅबमध्ये आलेली नव्हती. याचं कारण मला न जाताच कळलं, असं मला वाटलं. लहान मूल नोंदवलं की पाहणी करणाऱ्या मुलीला त्याच्या लसी, वजन, दूध, जुलाब असे ढीगभर प्रश्न विचारावे लागतात. कंटाळा आला की ती मूलच गाळते, नाहीतर त्याचं वय वाढवून ठेवते. या धंद्यातली ही जुनी खोड आहे. या सगळ्या गावांत एकच मुलगी फिरली होती. नसीमा तिचं नाव. तिला रंगेहाथ पकडायला मी कोल्हापूरची गाडी धरली.

मुरगूड

कोल्हापूरपासून मुरगूडपर्यंत एस.टी.च्या खिडकीतून मला ऊसच दिसला. उभा ऊस, तोडलेला ऊस, आणि ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांत कोंबलेला, रस्त्यावर लोंबणारा ऊस. प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर आणि प्रत्येक स्पीकरवर वेगळं गाणं.

नसीमा स्टँडवर न्यायला आली होती. तिशीची असेल, हसली की चार माणसं मागे वळून बघतील असं हसणं, खांद्याला कापडी पिशवी. पिशवी टॅबच्या मापाची होती, टेलर असलेल्या नवऱ्याने शिवून दिलेली. तिने मला भज्यांच्या गाड्यापाशी नेलं आणि मी पाकिटाला हात लावायच्या आत दोन प्लेटी मागवल्या.

"म्याडम, आदी खावा. गार हुत्यात."

"तू गाळलेली बाळं कुठे आहेत, ते आधी सांग," मी म्हणाले.

वाटेत मी हे वाक्य जुळवून ठेवलं होतं. ऑफिसात असं एकदम बोललं की समोरचा गडबडतो आणि खरं बोलून जातो. नसीमाचा हात प्लेटीतच थांबला.

"मी एक बी बाळ गाळलं न्हाय वो म्याडम. ज्यानं जे सांगितलं ते लिवलंय."

"मग वीस ते चोवीसच्या बायकांना मुलं होणं बंद झालं का तुमच्या भागात?"

तिचे डोळे भरून आले. गाडीवाला झारा हातात धरून आमच्याकडे बघायला लागला. मी माझी भजी खाल्ली. तिची तशीच राहिली.

मी लॉजवर उतरणार होते. "लॉजवर कशाला? आमचं घर हाय की," असं म्हणून नसीमाने माझी बॅग स्कूटीला अडकवलीसुद्धा. दुपारी जिला चोर म्हटलं, रात्री तिच्याच सासूच्या हातचा खिमा मी दोनदा मागून घेतला. सासूबाई शेजारी बसून भाकरी मोडून ताटात टाकत होत्या. नसीमाने घरात काही सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या वाढण्यावरून कळत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कसंसंच झालं. पण ते भाकरीबरोबर उतरलं.

बिद्रीच्या वाटेवरचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. बिद्रीच्या वाटेवर आहे, कारखान्याचा गोडसर आंबूस वास वारा फिरला की तिथपर्यंत येतो, एवढं पुरे.

आमच्या सोसायटीत पाहणीवाली मुलगी आली तर दाराची साखळी न काढता फटीतून "नको" म्हणायची पद्धत आहे. मी स्वतः म्हटलेलं आहे, तेसुद्धा पाहण्यांवर पोट भरत असताना. इथे आम्ही गल्लीत शिरलो न शिरलो तोच एका सोप्यावरून हाक आली, "या की पावणं! उनाचं कुटं निगालासा?" सोपा म्हणजे घराची पुढची उघडी पडवी. तिथे बसल्यावर कोण आलं, कशाला आलं, हे अख्ख्या गल्लीला दिसतं, आणि ज्याला दिसतं तो येऊन बसतो. चहा नको म्हणणं हा गुन्हा. अर्धा कप सांगितला तर पूर्ण येतो आणि वर "एवढुसा च्या घेतासा व्हय" म्हणून बोलणी बसतात.

पहिल्याच घरी मला हवं ते सापडलं. टॅबप्रमाणे घरात म्हातारा-म्हातारी आणि लग्न न झालेला मुलगा, बाकी कुणी नाही. अंगणातल्या दोरीवर मात्र ओळीने दुपटी आणि लंगोट वाळत घातलेले.

"नसीमा, ही दुपटी कुणाची?" मी मोठ्यांदा विचारलं. आता सापडलीस, हे माझ्या आवाजात होतं.

उत्तर आजींनी दिलं. "लेकीच्या पोराची हायत. तीन म्हैनं झालं की बाळातीण हुऊन."

"मग मागे ही आली तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?"

"हिनं इचारलं, घरात कोण कोण असतंय. ती कुटं आमच्या घरात असती? ती दिल्या घरची."

नसीमाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग सगळा उलगडा झाला. इकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी येते आणि बाळ चांगलं बाळसं धरेपर्यंत राहते. सासरी पाहणी झाली तर ते म्हणतात, ती माहेरी गेलीय. माहेरी झाली तर म्हणतात, ती आमची नव्हे, पाहुणी आहे. जिच्या मांडीवर ताजं बाळ आहे तीच दोन्ही घरांतून निसटते. आमच्या पाहणीत दुसरा प्रश्न होताच की, काल रात्री घरात कोण कोण झोपलं होतं. तो असल्याच लोकांसाठी ठेवलेला असतो. पहिल्या प्रश्नाने पोट भरलं म्हणून नसीमाने तो सोडून दिला होता.

"मला ध्यानातच आलं न्हाय वो," ती म्हणाली. "माझी दोनी बाळातपणं निपाणीला झाली, आमच्या अब्बांच्यात. तवा अब्बांनी तरी मला घरातली म्हणून सांगितलं असतं व्हय?"

चूक तिची होती, पण लबाडी नव्हती. मी तिची क्षमा मागायला हवी होती. मी म्हणाले, "बरं, आता नीट विचार." आणि आम्ही पुढच्या घराकडे निघालो. खरं तर मी खुशीत होते. हरवलेली बाळं घराघरांतून निघत होती. एका घरी ताज्या डिंकाच्या लाडवाचा वास, दुसरीकडे शेगडीवर बाळंतशेपांची धुरी. मला वाटायला लागलं, आपण फार मोठं काहीतरी शोधून काढलंय.

आप्पांचा सोपा

उन्हं कलती झाल्यावर आम्ही आप्पांच्या घरी पोचलो. आप्पा म्हणजे साठीकडे झुकलेले, टोपी घातलेले, बोलण्यात अदबशीर. त्यांची बायको, तिला सगळे काकी म्हणत, चुलीपाशी चहाला लागली. डेअरीला दूध घालायची ती वेळ, त्यामुळे किटल्या घेतलेल्या तीन-चार बायका सोप्याच्या कडेला टेकल्या होत्या. त्यांतल्या हिराकाकूंना पुण्याच्या बाईबद्दल फार कुतूहल. माझी साडी कितीची इथपासून त्यांनी सुरुवात केली होती.

"काकी, काल रातच्याला घरात कोण कोण झोपलं हुतं?" नसीमाने विचारलं. आता ती हा प्रश्न छान विचारत होती.

"आमी दोगं, ल्योक, सून. आनी सारिका. लेक हाय माझी. बाळातपणाला आलीया."

सारिका दाराच्या चौकटीत उभी होती. बावीस-तेवीसची, सडपातळ. तिच्या पायांमधून वाट काढत एक पोरगा स्टीलची वाटी घेऊन तुरुतुरु बाहेर आला, आणि ती वाटी त्याने माझ्या मांडीवर ठेवली.

"केवढा झाला?" मी विचारलं.

"दीड वरसाचा हुईल," काकी म्हणाली.

इथे थांबायला हवं होतं. माझ्या गणिताला जे लागतं ते सगळं मिळालं होतं. काल रात्री सारिका या घरात होती. तिचं वय कळणार होतं, पोराचं वय कळलं होतं. तिची वर्षं भागाकाराच्या खाली, तिचा पोरगा वर. काम झालं. नसीमाने टॅबवर तिच्या नावापुढे 'पाहुणी' दाबलं आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

मला ते दिसलं आणि राहवलं नाही. दिवसभर मी तिला शिकवत होते, आणि शिकवण्याचा नाद लागला की माझी जीभ आवरत नाही.

"असं नाही नसीमा. सहा महिन्यांवर जो राहिला तो पाहुणा नसतो. तो तिथला रहिवासी. नियम आहे." मग मी सारिकाकडे वळले. "तुम्ही इथे येऊन किती दिवस झाले?"

सारिकाने आप्पांकडे बघितलं.

"पावणीच हाय वो ती," आप्पा म्हणाले. "लिवा पावणी."

"आप्पा, तसं लिहून चालत नाही. दीड वर्षाचं मूल झालं म्हणजे दीड वर्षाहून जास्त झालं की. सासरहून न्यायला कोण येणार आहे का?"

किटल्यांचा आवाज थांबला.

"येणार म्हणत्यात आयतवारी," हिराकाकू म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"रविवारचं रविवारी. मला आजचं लिहायचंय. आज तरी या इथल्याच झाल्या," मी म्हणाले, नसीमाच्या हातून टॅब घेतला आणि स्वतः बटण दाबलं. "हे बघ, असं."

सारिकाने पोराला उचललं आणि ती आत गेली. मला वाटलं, त्याला भूक लागली असेल. काकीने चहा आणला. मी तो चवीने प्यायले आणि दूध घट्ट असल्याचं कौतुकही केलं. मुलाबाळांचे प्रश्न बाईला एकटीला विचारायचे असतात, म्हणून नसीमा सारिकापाशी आत गेली. घरातल्या माणसांची यादी मात्र चारचौघांत विचारली तरी चालते, असं आमच्या पुस्तिकेत आहे. पुस्तिका मी लिहिली आहे.

पुन्हा तेच गाव

दुसऱ्या दिवशी राहिलेली घरं करायला आम्ही परत गेलो. गल्ली तीच होती, सोपे तेच. कुणी "या पावणं" म्हटलं नाही. पहिल्या घरी प्रश्नांची उत्तरं उभ्यानेच मिळाली. दुसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, "सवड न्हाय आता." तिसऱ्या घरातून बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून आम्हाला कुणी चहा विचारलेला नाही.

नसीमाने मला देवळाच्या कट्ट्यावर बसवलं आणि आदल्या दिवशी आत काय ऐकलं, आणि सकाळी गावातून तिला काय फोन आला, ते सांगितलं.

सारिकाचं सासर गडहिंग्लजकडे. बाळंतपणानंतर तिची तब्येत बिघडली. सासरी जनावरांचं काम दांडगं, त्यांनी लवकर पाठवा म्हटलं. आप्पा म्हणाले, जरा सुधारू दे. त्यावरून शब्दाला शब्द लागला. मग सासरचे म्हणाले, तुम्ही ठेवून घेतलीत, तुम्हीच आणून सोडा. आप्पा म्हणाले, लेकीला आम्ही स्वतः नेऊन टाकत नाही, रीतीने न्यायला या. भांडण एवढंच. ना मारहाण, ना मागणं. नवरा चोरून फोन करायचा, पोराचे फोटो मागवायचा. दोन्हीकडचे अडून बसले, आणि दोन्हीकडे एकच गोष्ट शाबूत होती. ती बाळंतपणाला गेलीय, असं सगळे म्हणत होते. पोरगा पळायला लागला तरी म्हणत होते. तेवढ्या शब्दावर एका मध्यस्थ मामांनी महिनोन् महिने ये-जा करून रविवारची बैठक ठरवली होती. सासरची माणसं साडी आणि बाळाचं अंगडं घेऊन येणार होती, जणू बाळंतपण कालच झालंय अशी.

"आनी हिराकाकूची भण सारिकाच्या सासरच्याच गावात दिलीया," नसीमा म्हणाली. "काल दूध घालून घरला जायच्या आत फोन गेला. आप्पांनी सरकारी मान्सं बोलवून लेकीचं नाव आपल्या घरात चढवून घेतलं म्हणून."

मी सरकारी नव्हते. कुणी मला बोलावलं नव्हतं. पण बटण मी दाबलं होतं, आणि सगळ्यांना दिसेल असं दाबलं होतं. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा अंगावर कळलं. मी उठून आप्पांच्या घराकडे निघाले.

आप्पा सोप्यावरच होते. "या. बसा," म्हणाले. त्यांनी तेवढं तरी म्हणायला नको होतं, असं मला वाटलं.

"आप्पा, मला माहीत नव्हतं."

"तुमास्नी कसं ठावं असणार." ते खाली बघत होते. "मामांचा फोन आलता सकाळी. म्हणाले, त्यास्नी वाटतंय तुमी नातं तोडलंसा. मी म्हटलं, तसं न्हाय. पर ते कुटं ऐकत्यात?"

"मी बोलते त्यांच्याशी. मला नंबर द्या, मी सांगते की चूक माझी."

"नगं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुमी आता काय बी बोलू नगासा. हात जोडतो."

साठीच्या माणसाने माझ्यापुढे खरोखरच हात जोडले. काकीने आतून गूळ आणि पाणी आणून ठेवलं. दारी आलेल्याला कोरडं घालवायचं नाही म्हणून ठेवलं, माझ्याकडे न बघता. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पाणी प्यायले.

"म्याडम, आत या," सारिकाचा आवाज आला.

आत अंधार होता. पोरगा झोळीत झोपला होता आणि ती एका हाताने दोरी ओढत होती. आदल्या दिवशी मी तिच्याशी एकच वाक्य बोलले होते, आणि तेही उत्तराची वाट न बघता.

"माझं नाव कुटं जातंय आता?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. नावं आम्ही काढून टाकतो. उरतो तो फक्त आकडा. या वयाच्या हजार बायकांमागे वर्षाला किती मुलं, असा."

"त्यात मी धरली?"

"हो. तुम्ही आणि बाळ."

"आनी हितली का तितली, ते कशात धरतासा?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला ते कळलंही नसतं. "त्या हिशोबात ते लागत नाही," मी म्हणाले. "काल रात्री तुम्ही या घरात होतात, एवढंच पुरतं."

दोरी थांबली.

"मग इचारलंसा कशाला?"

ती ओरडली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी किती परिषदांतून माना डोलावणाऱ्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. नसीमाला शिकवायचं होतं म्हणून. मला नियम माहीत आहे हे दाखवायचं होतं म्हणून. यांतलं काहीही तिच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

"पावणी लिवा," ती म्हणाली.

मी टॅब काढला आणि तिच्यासमोर 'पाहुणी' केलं. तिने जवळ येऊन ते नीट वाचलं. मग बाहेर जाऊन आप्पांना म्हणाली, "केलं त्यांनी." आप्पांनी मान हलवली. गल्लीत त्या वेळी कुणीही नव्हतं.

गडहिंग्लज

पुढची गावं गडहिंग्लजच्या बाजूची होती. तिकडे बोलण्यात मधूनच कानडी शब्द डोकावतात, आणि बायका एकमेकींना ज्या नावांनी हाका मारतात त्यांतली निम्मी मला नसीमाकडून समजून घ्यावी लागली. भाकरीबरोबर इतका झणझणीत खर्डा मिळाला की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या आजी हसायला लागल्या, आणि मला दुसऱ्या कुठल्या कारणाने डोळे पुसायचे होते तेही त्यात उरकलं. तिथे प्रत्येक घरी आम्ही काल रात्रीचा एकच प्रश्न विचारला. राहणार कोण आणि पाहुणं कोण, ते ज्याने जसं सांगितलं तसं लिहिलं. बाळं तिथेही निघाली. एका घरी बारशाच्या घुगऱ्या ओंजळभर मिळाल्या. मी त्या पदरात बांधून घेतल्या, पण खाल्ल्या नाहीत.

परतीच्या दिवशी गडहिंग्लजच्या स्टँडवर नसीमा पाणी आणायला गेली. समोर उभ्या असलेल्या एस.टी.च्या पाटीवर सारिकाच्या सासरच्या गावाचं नाव होतं. मी उठले आणि सरळ जाऊन त्या गाडीत बसले. बसल्या बसल्या वाक्यं जुळवायला लागले. मी पुण्याची, मी शिकलेली, माझं ऐकतील. कंडक्टर आला.

"कुटं जायाचं बाई?"

मी गावाचं नाव घेतलं.

"कुणाच्यात?"

त्याने सहज विचारलं, तिकडे विचारतातच. आणि मला कळलं, की मी पुन्हा एकदा कुणाच्या तरी सोप्यावर न बोलावता चढून बोलायला निघालेय, आणि आप्पांनी जोडलेले हात मी तीन दिवसांत विसरले. "चुकून बसले," मी म्हणाले आणि उतरले. नसीमा पाण्याच्या बाटल्या घेऊन मला शोधत होती. कुठे गेला होता, असं तिने विचारलं. मी सांगितलं. बाटलीचं झाकण उघडून तिने ती माझ्या हातात दिली.

तिथेच मी तिची क्षमा मागितली. भज्यांच्या गाड्यावर जे बोलले त्याची. "ते व्हय?" ती म्हणाली. "ते मी कवाच इसरलो." ती विसरलेली नव्हती, कारण निघताना तिने पुन्हा भजी घेऊ या म्हटलं नाही.

घरी

पुण्यात येऊन मी दर पुन्हा काढले. खळगा भरला. वीस ते चोवीसचा आकडा जिथे असायला हवा तिथे येऊन उभा राहिला. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. माहेरवाशिणी निसटतात, हे पुस्तिकेत घालायला हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. ते मी घातलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ घातली. जे उत्तर गणिताला लागत नाही ते ओढून काढू नये. कुणीतरी समासात लिहून विचारलं, हे वेगळं सांगायची गरज आहे का. मी ती ओळ ठेवली.

गावाची आकडेमोड करताना सारिकाची ओळ डोळ्यांसमोरून गेली. नाव नव्हतंच, नुसती वयं होती. आणि राहण्याच्या रकान्यात मी केलेलं 'पाहुणी'.

रविवार होऊन गेल्यावर नसीमाचा फोन आला.

"कुणी आलंच न्हाय, म्याडम. काकीनं सैपाक करून ठेवलाता. सांच्यापातूर वाट बगितली."

"माझ्यामुळे," मी म्हणाले.

"आता ते कुणाला ठावं? येणार हुतं का न्हवतं, अल्लालाच म्हायती." तिने मला त्यात लपायला जागा करून दिली. मला ती नको होती. मग ती म्हणाली, "सारिका मुरगूडला आलती. पोराला घिऊन, एकलीच. माझ्या घरी आली. म्हणाली, त्या बाईस्नी सांग, पावणी खोडा. हितलीच लिवा."

मी लॅपटॉप जवळ ओढला. नसीमाला वाटलं फोन तुटला.

"म्याडम? लिवतासा न्हवं?"

मी ती ओळ उघडली. 'पाहुणी' काढून 'रहिवासी' केलं, आणि सवयीने दर पुन्हा काढला. तो होता तिथेच राहिला.

"लिहिलं," मी म्हणाले.

"आता नियमात बसलं न्हवं?"

"हो," मी म्हणाले. "आता बरोबर आहे."